फिल्टर कोणी बदलावा?

घरातील मत्स्यपेटीची, म्हणजे बोलीत जिला फिश टँक म्हणतात त्या काचेच्या पेटीची, उपकरणे बदलायची वेळ आली की बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो: हे काम घरच्या माणसाला जमेल, की दुकानातून कोणाला बोलवावे? पंख्याच्या किंवा गीझरच्या बाबतीत एवढा प्रश्न पुरेसा असतो, कारण जुना पंखा उतरवून नवा टांगला की काम तेथेच संपते. मत्स्यपेटीतून जे उपकरण काढले जाते त्याच्या पोटात मात्र सूक्ष्म जीवांची एक वस्ती नांदत असते आणि माशांचे जगणे त्या वस्तीवर अवलंबून असते, त्यामुळे येथे चूक झाली तर ती हत्यार खाली ठेवताना कळत नाही, चौथ्या किंवा पाचव्या दिवशी कळते. त्या दिवशी पेटीसमोर कोण असणार आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय काम कोणाकडे द्यावे हे ठरवता येत नाही.

पेटीला उपकरणे लागतात ती मुळात माशांच्या संख्येमुळे. 1850 च्या सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका भांड्यात सोनमासे, वॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, आणि वनस्पतीने प्राणवायू पुरवावा, गोगलगायींनी कुजणारी पाने खावीत, अशा देवघेवीवर हे छोटे जग दीर्घकाळ टिकू शकते असे दाखवून दिले. त्याच्याजवळ विजेचा पंप नव्हता आणि त्याला तो लागलाही नाही, कारण त्याच्या भांड्यातील मासे अगदी मोजके होते. आजच्या दिवाणखान्यातील पेटीत मासे दाटीने असतात, ऑस्कर किंवा गोल्डफिश यांसारखे भरपूर खाणारे आणि तितकेच पाणी मळवणारे मासे असतात, आणि वनस्पती बहुधा प्लास्टिकच्या असतात. वॉरिंग्टनच्या भांड्यात जे काम वनस्पती करीत होती ते अशा पेटीत फिल्टरवर येऊन पडते.

हे काम नेमके कोणते, ते समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ ठरते. मासे आपल्या शरीरातील नत्रयुक्त उत्सर्ग मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात, आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाण्यात या अमोनियाची दोन रूपे असतात, त्यांपैकी मुक्त अमोनिया हे रूप माशांना अत्यंत विषारी असते, आणि त्याचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्लता किंवा अल्कता मोजणाऱ्या अंकावर, अवलंबून असते. 25 अंश सेल्सिअस तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्का मुक्त रूपात असतो; सामू 8 झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. बोअरवेलच्या अल्कधर्मी पाण्यावर चालणाऱ्या पेटीत जी चूक मासे मारते, तीच चूक थोड्या आम्ल पाण्यात निभावून जाऊ शकते, ती यामुळे.

या विषाचा निचरा जिवाणू करतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट त्या विषारी नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतो, आणि नायट्रेट मग पाण्याचा काही भाग नियमाने बदलून बाहेर काढले जाते. मातीतील हे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास ओळखले. नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर हा जिवाणू करतो, असे मत्स्यपेट्यांच्या बाबतीतही पुढे दीर्घकाळ मानले जात होते; 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या पेट्यांत ते काम नायट्रोस्पायरा या वेगळ्या गटाचे असल्याचे दाखवले, आणि 2015 मध्ये याच गटातील काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात असे आढळले. त्या शोधातील काही जिवाणू नेदरलँड्समध्ये मत्स्यसंवर्धनाच्या फिल्टरमधूनच मिळाले होते. व्यवहाराच्या दृष्टीने या जिवाणूंचे दोन गुण महत्त्वाचे ठरतात. ते पाण्यात मोकळे तरंगत राहण्याऐवजी स्पंजला, रेतीला, फिल्टरमधील चिनी मातीच्या नळ्यांना चिकटून राहतात. आणि त्यांची वाढ फार संथ असते. आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर यांना त्यासाठी बहुतेक सबंध दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. एकदा उखडलेली वस्ती पुन्हा बसायला कित्येक आठवडे जातात.

जुना फिल्टर काढून त्याच जागी कोरा फिल्टर बसवणे हे म्हणूनच, यंत्र म्हणून पाहिले तर दहा मिनिटांचे आणि सजीव व्यवस्था म्हणून पाहिले तर दीड महिन्याचे काम आहे. योग्य रीत अशी की नवा फिल्टर जुन्याच्या शेजारी लावावा, दोन्ही चार ते सहा आठवडे एकत्र चालू द्यावेत, आणि नव्या स्पंजवर वस्ती बसल्यावरच जुना काढावा. जागा नसेल तर जुन्या फिल्टरमधील स्पंज किंवा नळ्या, पेटीतल्याच पाण्यात ओल्या ठेवून, नव्याच्या पोटात घालाव्यात. या मधल्या काळात खाद्य कमी करणे, अमोनिया आणि नायट्राइट तपासणाऱ्या थेंबांच्या संचाने पाणी दोन-तीन दिवसांनी पाहणे, आकडा वर गेला तर तेव्हाच चौथा हिस्सा पाणी बदलणे, ही सगळी कामे त्या घरात राहणाऱ्यालाच करता येतात. फिल्टर बदलण्याच्या कामात कौशल्य थोडे आणि सातत्य पुष्कळ लागते, आणि सातत्य हे एका भेटीसाठी बोलावलेल्या माणसाकडून मागता येत नाही. स्पंज फिल्टर, पेटीच्या काठावर टांगायचा फिल्टर, पेटीखालच्या कपाटात बसणारा डब्याच्या आकाराचा कॅनिस्टर फिल्टर, यांपैकी कोणताही बदलायचा असो, हे काम घरच्यांनीच हाती घ्यावे, असे ठामपणे म्हणता येते.

भाड्याने बोलावलेल्या माणसाकडून येथे जी हानी होते ती त्याच्या अडाणीपणामुळे होते, असा समज मात्र अन्यायाचा आहे. मुंबई-पुण्यात महिन्याच्या ठरावावर घरोघरी टँक साफ करणारे पुष्कळ कारागीर माशांविषयी एखाद्या पुस्तकापेक्षा अधिक जाणतात; पंपाच्या आवाजावरून आतील चाकाची झीज ओळखणारे आणि काचेच्या सांध्यावरचे सिलिकॉन सुटू लागल्याचे बोट फिरवून सांगणारे लोक त्यांच्यात आहेत. अडचण मोबदल्याच्या रीतीत आहे. घरमालक पैसे देताना काच चकचकीत झाली का, पाणी नितळ दिसते का, रेती नव्यासारखी उजळली का, एवढेच पाहतो, आणि जे पाहिले जाते तेच काम कारागीर जीव ओतून करतो. सगळे पाणी उपसले जाते, रेती बादलीत घोळून धुतली जाते, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला जातो. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेले असते, आणि ते उपयोगी जंतू व अपायकारक जंतू असा भेद करीत नाही. त्या संध्याकाळी पेटी आरशासारखी दिसते. मुक्त अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, आणि आठवडाअखेर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले की दोष बहुधा दुकानातील माशांवर किंवा हवेवर ढकलला जातो. धुतलेला स्पंज तपकिरी राहिला तरी चालेल, तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा, आणि एका वेळी पाव हिश्श्याहून अधिक पाणी बदलू नये, असे घरमालकाने स्वतः सांगितले तर यातले बरेच नुकसान टळते.

याला जोडून एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. कारागीर एकाच दिवसात अनेक घरी जातो आणि त्याची जाळी, नळी, बादली त्याच्याबरोबर फिरते. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा इक्थिऑफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी आपल्या जीवनक्रमातील एक टप्पा माशाबाहेर, रेतीवर किंवा ओल्या पृष्ठभागावर चिकटून काढतो, आणि तेथून शेकडो नवी पिल्ले पाण्यात सुटतात. ओल्या जाळीतून तो एका पेटीतून दुसरीत सहज पोहोचतो; कडक उन्हात पूर्ण वाळलेल्या जाळीत तो तगत नाही. काम कोणीही करो, पण जाळी, बादली आणि पाणी ओढायची सायफन नळी ही तीन साधने ज्याच्या त्याच्या घरचीच असावीत, हा खर्च किरकोळ आहे आणि तो टाळण्याला कोणतेही कारण नाही.

विजेच्या बाबतीत हा विचार उलट दिशेने जातो. 230 व्होल्टचा प्रवाह आणि दीड-दोनशे लिटर पाणी यांच्यामध्ये एखादी रबरी चकती आणि एखादी तडा गेलेली वायर एवढेच अंतर असलेल्या ठिकाणी चुकीला दुसरी संधी मिळत नाही. पंपाची पिन बोर्डात घालणे हे कोणीही करावे. पण पेटीसाठी वेगळा बोर्ड काढायचा असेल, अर्थिंग तपासायचे असेल किंवा 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी नावाचे सुरक्षा उपकरण बसवायचे असेल, तर परवानाधारक वायरमनच बोलवावा, आणि हा वायरमन मत्स्यपेटीच्या दुकानातला माणूस नव्हे, हे लक्षात ठेवावे. आरसीसीबी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहातील फरक मोजते, आणि तो फरक माणसाच्या अंगातून किंवा पाण्यातून जमिनीत जात असेल तर क्षणाच्या अल्प अंशात पुरवठा खंडित करते. घरच्यांच्या हातात एक साधा उपाय उरतो: प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून जमिनीवर ठिबकते आणि बोर्डापर्यंत पोहोचत नाही. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद करावीत, मग केवळ एक पान काढायचे असले तरी.

हीटर बदलणे घरीच होण्यासारखे आहे, फक्त त्याचे गणित करून घ्यावे. मुंबईत किंवा कोकणात त्याची गरज क्वचितच पडते, पण नाशिक, पुणे किंवा विदर्भातील थंडीच्या रात्री पाणी झपाट्याने निवते. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच पेटीत काठोकाठ सुमारे 190 लिटर पाणी मावते. या पाण्यात 200 वॉटचा हीटर तापमान राखणारी कळ अडकल्याने चालूच राहिला, तर बाहेर जाणारी उष्णता सोडून दिल्यास, तो तासाला जवळजवळ एक अंश तापमान वाढवतो, आणि एका रात्रीत मासे शिजण्याइतपत ते चढते. त्याऐवजी 100 वॉटचे दोन हीटर लावले तर एक अडकला तरी वाढ निम्म्या वेगाने होते, आणि एक बंद पडला तरी दुसरा पेटी तगवतो. पाणी उपसण्यापूर्वी हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते, कारण तापलेली काचनळी हवेत उघडी पडली की तडकते. घाईत असलेल्या परक्या माणसाच्या हातून नेमके हेच राहून जाते. दिवे बदलण्याबाबत तर फार बोलण्याचे कारणच नाही: एलईडी पट्टी कोणालाही लावता येते, ती पहिल्या आठवड्यात सहा तासांहून अधिक जळू देऊ नये, एवढे पाळले की अचानक वाढणाऱ्या शेवाळाचा उपद्रव बराच आटोक्यात राहतो.

काचेचे काम मात्र काचवाल्याचेच. पाणी काचेला किती रेटते याची कल्पना पेटीच्या आकारावरून येत नाही. 90 सेंटिमीटर लांब आणि 45 सेंटिमीटर उंच अशा समोरच्या काचेवर भरलेले पाणी सुमारे 90 किलोच्या वजनाइतका दाब बाहेरच्या दिशेने देते; त्याच लांबीची काच 60 सेंटिमीटर उंच केली तर हा रेटा 160 किलोच्या पुढे जातो, कारण तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पेटी किती रुंद आहे याचा या हिशेबाशी संबंध नाही. सांध्यांतील सिलिकॉन हाच रेटा धरून ठेवते. ते हवेतील ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते आणि या काळात त्याला व्हिनेगरसारखा वास येतो; जाड सांध्याला पक्के होण्यासाठी काही दिवस लागतात, आणि एका रात्रीत पाणी भरण्याचा मोह येथे महागात पडतो. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते व ते माशांना घातक ठरते, तरी दिसायला दोन्ही नळ्या सारख्याच असतात. कारागीर कोणती नळी वापरणार आहे, हे त्याने ती कापण्याआधी घरमालकाने वाचून घ्यावे.

काचेला भोक पाडण्याचा प्रसंग बहुधा सम्प बसवताना येतो. सम्प म्हणजे पेटीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी पेटी. वरचे पाणी काठावरून किंवा भोकातून खाली उतरते, खाली गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. समुद्री मासे पाळणारे हौशी लोक याला पसंती देतात, कारण सगळी यंत्रसामग्री नजरेआड राहते आणि एकूण पाणीही वाढते. पंपाच्या खोक्यावर ताशी लिटरचा जो आकडा छापलेला असतो तो पाणी मुळीच वर न चढवता मिळणारा असतो. चार फूट वर चढवताना तो बराच घटतो. भोक पाडताना हिऱ्याच्या धारेचे पाते, सतत पाण्याचा थंडावा आणि सरावलेला हात लागतो, आणि काच टफन्ड, म्हणजे तापवून वेगाने थंड करून कठीण केलेली असेल, तर तिला कोणीच भोक पाडू शकत नाही, ती पाते लागताच तुकड्यांत विखुरते. यांत धाडस करण्याजोगे काहीही नाही.

सम्पची जागा ठरवणे हे मात्र कागदावरचे काम आहे आणि ते घरच्यांनी स्वतः पुन्हा एकदा करून पाहावे. वीज गेली की पंप थांबतो, पण पाणी वर नेणारी नळी पेटीत बुडालेली असेल तर तीच उलट सायफन बनून पाणी खाली ओढू लागते. 90 बाय 45 सेंटिमीटरच्या पेटीत पाण्याची पातळी अडीच सेंटिमीटर उतरली तर 10 लिटर पाणी खाली येते. नळीचे तोंड 10 सेंटिमीटर खोल असेल तर 40 लिटर. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते पाणी लादीवर येते आणि सोसायटीच्या इमारतीत खालच्या मजल्याच्या छतापर्यंत पोहोचते. नळीला पातळीच्या किंचित खाली एक बारीक छिद्र ठेवले की तेथून हवा शिरून हा प्रवाह तुटतो, अट एवढीच की त्या छिद्रात शेवाळ साचलेले नसावे. पेटीच्या खाली ठेवलेल्या साध्या एअर पंपालाही हीच भीती असते, आणि तेथे एकाच दिशेने हवा जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ती दूर करतो.

पाणवनस्पतींच्या पेट्यांसाठी लागणारी कर्बवायूची टाकी ही या सगळ्यांत वेगळी गणली पाहिजे. टाकीत हा वायू द्रवरूपात असतो आणि 20 अंशांना त्याचा दाब वातावरणाच्या साठपटीच्या जवळ असतो. 31 अंशांवर द्रव आणि वायू हा भेदच संपतो आणि त्यानंतर तापमानाबरोबर दाब वेगाने चढतो. अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात ही टाकी गच्चीलगतच्या खोलीत ठेवणे म्हणूनच अयोग्य. अशा टाक्यांवर देशात गॅस सिलिंडर नियमांचा अंमल असतो आणि ते राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे. टाकी भरून घ्यायची तर परवानाधारक केंद्रावरच, आणि तिच्या चाचणीची तारीख पाहूनच. पेटीजवळचे बारीक काम, म्हणजे मिनिटाला किती बुडबुडे सोडायचे ते ठरवणे आणि पाण्यात टांगलेल्या छोट्या काचकुपीतील निळा द्राव हिरवा होतो का ते पाहत राहणे, हे पुन्हा घरच्यांकडेच येते, कारण वायू जास्त झाला तर मासे गुदमरतात आणि ते बहुधा पहाटे, वनस्पती प्राणवायू देत नसतात तेव्हा.

प्राणवायूचा हा हिशेब उन्हाळ्यात आणखी आवळतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसात. आणि गरम पाण्यात माशांची गरज वाढलेली असते. अशा दिवसांत भारनियमनामुळे कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला तर त्याच्या बंद डब्यातील पाण्यातला प्राणवायू संपतो, आतील जिवाणू मरू लागतात, आणि वीज येताच तो कुजलेला साठा थेट पेटीत फेकला जातो. तासन्‌तास बंद राहिलेला डबा पुन्हा सुरू करण्याआधी उघडून त्यातील पाणी ओतून द्यावे लागते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आणि त्याला जोडलेला एक साधा स्पंज ही या परिस्थितीतील सर्वांत उपयुक्त खरेदी होय, आणि मोठ्या फिल्टरवर खर्च करण्यापूर्वी तीच करावी.

माणूस बोलवायचा ठरला, तर त्याच्याशी काम ठरवताना पैशांआधी या गोष्टी ठरवाव्यात: जुना फिल्टर तो त्याच दिवशी घेऊन जाणार नाही, पाणी कोणत्या बादलीने आणि किती उपसणार, कोणते सिलिकॉन वापरणार, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा येऊन पाहणार का. दुकानदाराला जुना फिल्टर परत हवा असतो, कारण तो दुरुस्त करून विकता येतो. तो सहा आठवड्यांनी न्यावा, असे सांगितले तर सहसा कोणी नकार देत नाही. काम संपल्यावर, कारागीर घरात असतानाच, मुख्य बटण बंद करून पेटी अर्धा तास तशीच ठेवावी. सम्पमधील पाणी कोठपर्यंत चढते, कोणत्या नळीतून पाणी मागे येते, कपाटातील लादी कोरडी राहते का, हे त्याने आणि घरमालकाने शेजारी उभे राहून पाहावे. मग बटण चालू करावे आणि प्रत्येक पंप हात न लावता पुन्हा सुरू होतो का, पहिल्या पाच मिनिटांत एखादा कोरडाच गुणगुणत तर राहत नाही ना, ते ऐकावे, आणि मोबदला त्यानंतर द्यावा.